पत्र्यावरचा चुना

मे महिना आला की सूचना येते, दुपारी घराबाहेर पडू नका. पण डोक्यावर पत्रा असलेल्या घरात दुपारी दोन वाजता भिंतीला पाठ टेकवत नाही. तिथल्या माणसानं जायचं कुठं?

अहमदाबादला हा प्रश्न फार महागात पडला. मे 2010मध्ये तिथं पारा 46.8 अंशांवर गेला. एरवीच्या मे महिन्याच्या मानानं त्या एका महिन्यात 1,344 मृत्यू जास्त झाले. तिथल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष गच्चीखालच्या मजल्यावर होता. उकाड्यानं तान्ही बाळं आजारी पडत. कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि ते प्रमाण बरंच घटलं. ही गोष्ट मला विसरता येत नाही. ऊन सगळ्या शहरावर सारखंच पडतं, पण छत कसलं आहे यावर कोण किती भाजणार ते ठरतं.

2013 साली महापालिकेनं उष्णतेचा कृती आराखडा केला. इशारे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी. त्यानं जीव वाचले. तरी पत्रा तापतच राहिला आणि त्याखाली दिवसभर बायकाच होत्या. शिवणकाम, अगरबत्त्या, पतंग. त्यांचं घर हाच त्यांचा कारखाना.

स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या 'सेवा' संघटनेतून 1994 साली उभ्या राहिलेल्या महिला हाउसिंग ट्रस्टनं या बायकांनाच हाताशी धरलं. वस्तीतल्या बायका शेजारणींना समजावू लागल्या. पत्रा झाडून-धुऊन घ्यायचा, सकाळच्या गारव्यात पांढरा रंग द्यायचा, वाळला की दुसरा हात. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परतवतो. खोली 2 ते 5 अंशांनी निवू शकते. आकडा लहान वाटेल, पण तेवढ्यात दुपारी शिलाईयंत्रावर बसता येतं. 2017 साली महापालिकेनंही सुमारे 3,000 छपरं पांढरी केली.

अडचणी आहेतच. धूळ बसते, पाऊस धुऊन नेतो, रंग पुन्हा द्यावा लागतो. भाडेकरूला तर मालकाची परवानगी लागते. हा खर्च त्या बाईच्या शिलाईच्या पैशातून निघू नये, असं मला मनापासून वाटतं. रस्त्याच्या डांबराला पालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी रक्कम असते, तशी या चुन्यालाही हवी. आपल्या नागपूर-चंद्रपुरातही असे पत्रे आहेत. तिथं हे काम होळीच्या आतच उरकायला हवं.