गोजिरा



गोजिरा हा आपल्या मराठीतला किती मऊ शब्द! तान्ह्या लेकराला, नुकत्याच पायांवर उभ्या राहिलेल्या वासराला आपण गोजिरं म्हणतो. १९९८ साली वर्ध्याच्या एका टॉकीजमध्ये हा शब्द पडद्यावरून ऐकू आला आणि सगळी टॉकीज खो खो हसली. पडद्यावर, खाटेवर पडलेला एक म्हातारा जपानी खलाशी होता. त्याचं जहाज बुडालं होतं, सोबती गेले होते. समोरचा माणूस लायटरची ज्योत त्याच्या डोळ्यांपुढं नाचवत विचारत होता, काय पाहिलंस? आणि म्हातारा थरथरत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, गोजिरा, गोजिरा. सिनेमा हिंदीत डब केलेला होता, तेवढा एक शब्द मात्र तसाच होता. मीही हसलो. तेरा वर्षांचा होतो. मग न्यूयॉर्कच्या पावसात तो प्राणी गल्लीबोळांतून धावत सुटला आणि माझं हसू कुठल्या कुठं गेलं. गावी, पुलगावला, परतताना पॅसेंजरच्या दारात उभा राहून मी अंधारात झाडांच्या वर काही हलतंय का ते पाहत होतो.

तेव्हापासून मी गॉडझिलाचा, म्हणजे जपान्यांच्या गोजिराचा, चाहता आहे. आणि ज्या सिनेमामुळं झालो, तो नव्यानं केलेला, अमेरिकन, भरपूर पैसा ओतलेला अवतार होता. जाणकार त्या सिनेमाला बरीच नावं ठेवतात. मूळ सिनेमा काढणाऱ्या जपानच्या तोहो कंपनीनं तर पुढं त्या प्राण्याच्या नावातला गॉड काढून टाकला आणि त्याला नुसता झिला ठरवला. २००४ च्या आपल्या सिनेमात खऱ्या गॉडझिलाकडून त्याला सिडनी शहरात क्षणात लोळवलं. मला ते पाहताना वाईट वाटलं. दार ज्यानं उघडून दिलं त्याला मी कसा विसरू?

पण १९९८ ची दुसरी एक आठवण आहे, आणि ती या आठवणीला चिकटूनच येते. ११ आणि १३ मे १९९८ या दिवशी पोखरणला आपले अणुस्फोट झाले. आमच्या चौकात पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले. त्यानंतर आठवड्याभरातच, २० मेला, हा सिनेमा अमेरिकेत लागला. आमच्याकडं यायला त्याला वेळ लागला. त्यात तो प्राणी कसा जन्मतो? पॉलिनेशियातल्या फ्रेंच अणुचाचण्यांमुळं. म्हणजे चूक फ्रान्सची, आणि क्षेपणास्त्रं मारून निस्तरणारे अमेरिकन. सिनेमा पाहताना यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही. पेढ्याची चव आणि पडद्यावरची डरकाळी यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे सांगणारंही कोणी नव्हतं.

सांगितलं ते मूळ सिनेमानं. नागपूरला शिकत असताना एका मित्राकडून मला त्याची सीडी मिळाली. १९५४ चा, काळा पांढरा, जपानी. दिग्दर्शक इशिरो होंडा. दुसऱ्या महायुद्धात हे होंडा चीनमध्ये सैनिक होते, कैदेत पडले, आणि १९४६ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी हिरोशिमा पाहिलं. सिनेमा सुरू होतो तेव्हा पडदा काळा असतो आणि फक्त पावलं ऐकू येतात. धप्प. धप्प. मग ती डरकाळी. अकिरा इफुकुबे या संगीतकारानं डबल बास नावाच्या थोरल्या तंतुवाद्याच्या तारा सैल केल्या आणि चामड्याच्या हातमोज्यानं त्या घासून हा आवाज काढला. प्राण्याच्या पोटात होता हारुओ नाकाजिमा नावाचा नट, अंगावर शंभरेक किलोचं जाडजूड सोंग चढवून. खालची टोकियो नगरी पुठ्ठ्या-प्लास्टरची. आपल्याकडं दंडारीत किंवा दशावतारात सोंग चढतं आणि आतला माणूस आपल्याला दिसेनासा होतो, तसंच ते झालं. पाच मिनिटांनी मला रबर दिसेना.

ही गोष्ट सिनेमा करणाऱ्यांना सुचली त्याला कारण होतं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँब फोडला. अंदाज होता त्याच्या अडीचपट जोरानं तो फुटला. हिरोशिमाच्या जवळजवळ हजारपट. दूर समुद्रात टूना मासे धरणाऱ्या एका जपानी होडीवर पांढरी राख पडू लागली. होडीवर तेवीस कोळी होते. काहींनी ती राख हातानं झाडली. सप्टेंबरात त्यांच्यातला एक जण, होडीचा रेडिओ सांभाळणारा, वारला. आणि ३ नोव्हेंबरला गोजिरा पडद्यावर आला. हे नाव सिनेमा करणाऱ्यांनी गोरिला आणि कुजिरा या दोन शब्दांना सांधून केलं होतं. कुजिरा म्हणजे देवमासा. सिनेमाची सुरुवातच समुद्रात पेट घेणाऱ्या एका जहाजानं होते. टोकियोत बसलेल्या प्रेक्षकाला ते काय आहे हे सांगायची गरज नव्हती.

ती सीडी दिवाळीत मी घरी आणली. आजी शेजारी येऊन बसली. मी नाव सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘अगा बाप्पा, याले गोजिरा म्हंतेत?’’ पुढं ती काही बोलली नाही. भाषा तिला कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरंही वाचता येत नव्हती. शहर जळून गेल्यावर इस्पितळात ओळीनं माणसं निजवलेली असतात, एका लहान मुलीच्या अंगावर किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र फिरवतात आणि ते कडकडत राहतं, आणि थोड्या वेळानं शाळेच्या मुली शांतीसाठी प्रार्थना म्हणतात. तिथं आजीनं विचारलं, ‘‘कोनता देश हाय हा?’’ जपान, मी म्हणालो. ती म्हणाली, ‘‘आमच्या आश्रमातल्या प्रार्थनेत पयला मंत्र त्याइचाच.’’

आजी पोरवयात सेवाग्रामला प्रार्थनेला जायची. ती सांगत होती ते खरंच आहे. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचे भिक्षू हातात पंख्यासारखा चपटा डफ घेऊन सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा मंत्र म्हणत. बापूंनी तो आश्रमाच्या प्रार्थनेत घेतला आणि आजही सेवाग्रामची प्रार्थना त्याच मंत्रानं सुरू होते. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर या फुजी गुरुजींनी जगभर शांतिस्तूप उभारायचं मनावर घेतलं. त्यांचा पहिला स्तूप जपानमध्ये १९५४ साली उघडला गेला. ज्या वर्षी गोजिरा आला त्याच वर्षी. त्याच परंपरेतला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आपल्या वर्ध्यात गीताई मंदिराजवळ आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तिथं डबे उघडून जेवण केलं असेल, मुलांना गवतावर खेळवलं असेल. एकाच जखमेतून एकाच साली त्या देशात एक स्तूप निघाला आणि एक राक्षस निघाला, हे मी त्या दिवाळीत प्रथम एकत्र पाहिलं, आणि तेव्हापासून मला ते वेगळं करता येत नाही.

आता मूळ दुखण्याकडं येतो. २०१४ साली हॉलिवूडनं पुन्हा गॉडझिला काढला. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स, खर्च सोळा कोटी डॉलर. नागपूरच्या मल्टिप्लेक्समध्ये मी पहिल्याच दिवशी पहिल्या खेळाला गेलो. आणि श्रोतेहो, खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. होनोलुलूच्या विमानतळावर कॅमेरा त्याच्या पायापासून वर वर जात राहतो, छाती, गळा, जबडा, आणि तो डरकाळी फोडतो तेव्हा खुर्ची हलते. पुढं सॅन फ्रान्सिस्कोच्या धुळीत शेपटीच्या टोकापासून पाठीवरचा एकेक काटा निळा उजळत वर येतो. १९५४ मध्ये पन्नास मीटरचा असलेला माझा गोजिरा आता शंभर मीटरच्या वर गेला होता. ही उंची, हे वजन, पाण्याखालून सरकणारी ती पाठ, हे सगळं पैशाशिवाय होत नाही. पैसा नीट वापरला होता. जपानी शास्त्रज्ञाच्या भूमिकेत केन वातानाबे होते, आणि पात्राचं नाव होतं इशिरो सेरिझावा. इशिरो हे होंडांचं नाव, सेरिझावा हे मूळ सिनेमातल्या शास्त्रज्ञाचं. हा मान मला आवडला.

पण त्या सिनेमात १९५४ च्या अणुचाचण्यांचं कारण बदललं आहे. तिथं एक पात्र सांगतं की त्या चाचण्या नव्हत्याच. पॅसिफिकमध्ये फोडलेले ते बाँब गॉडझिलाला मारण्यासाठी होते.

हे ऐकलं आणि मी खुर्चीत आखडून बसलो. मूळ गोष्टीत बाँबमुळं राक्षस आला. इथं राक्षसामुळं बाँब आला. भस्मासुराची गोष्ट सांगताना कोणी म्हणावं की वर दिला तो भस्मासुराला आवरायलाच, तसं हे झालं. त्या तेवीस कोळ्यांवर पडलेली राख मग काय होती? बचावाच्या लढाईतला अपघात? वातानाबेंचा सेरिझावा आपल्या वडिलांचं घड्याळ काढून दाखवतो, सव्वाआठला बंद पडलेलं, हिरोशिमाची वेळ. काही सेकंदांचं दृश्य आहे. नौदलाचा अधिकारी घड्याळ पाहतो आणि सिनेमा पुढं जातो. शेवटी समुद्रात खरोखरचा अणुबाँब फुटतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शहरात कोणाच्या अंगावर काही पडलेलं नसतं. २०१९ च्या पुढच्या भागात तर जखमी गॉडझिलाला जगवायला अणुबाँबच औषध म्हणून दिला. तेव्हा मी अर्ध्यातून उठून बाहेर आलो, पाणी प्यालो, आणि परत जाऊन बसलो. उठून घरी गेलो नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मूळ गोष्ट अमेरिकेनं पहिल्यांदाच बदलली असंही नाही. १९५६ मध्येच मूळ सिनेमा कापून, मध्ये रेमंड बर या नटाला अमेरिकन पत्रकार म्हणून घालून त्यांनी नवा सिनेमा केला होता. मुळात टोकियोच्या गाडीत एक तरुणी म्हणते की नागासाकीतून मी कशीबशी वाचले आहे. ते वाक्य त्यात नाही.

मला हे इतकं का लागतं, याचं उत्तर आमच्या पुलगावात आहे. देशातलं सर्वांत मोठं दारूगोळा भांडार आमच्या गावाला लागून आहे. माझे वडील डेपोत नोकरीला होते, आमच्या घरची भाकर त्याच पगाराची. सेवाग्राम तिथून चाळीसेक किलोमीटर. लहानपणी शाळेची सहल बापूकुटीला जायची आणि संध्याकाळी आम्ही डेपोच्या कुंपणाजवळ क्रिकेट खेळायचो. यात काही विचित्र आहे असं वाटायचं नाही. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर डेपोत आग लागून स्फोट झाले. मी सुट्टीत घरी आलो होतो. खिडक्यांची तावदानं थरथरली, आभाळ तांबडं झालं. आगरगाव, नागझरीकडची माणसं लेकरं खांद्यावर घेऊन अंधारात रस्त्यानं निघाली होती. एका म्हातारीच्या हातात फक्त कंदील होता. आग विझवायला गेलेल्यांपैकी दोन अधिकारी आणि अग्निशमन दलाची कितीतरी माणसं परत आली नाहीत. त्यांतल्या काहींची घरं आमच्या ओळखीची होती.

त्या रात्रीनंतर मी मूळ सिनेमा पुन्हा पाहिला. टोकियोच्या रस्त्यांवर गाठोडी घेऊन निघालेली माणसं मला आता जमाव म्हणून दिसेनात. आणि त्यातला शास्त्रज्ञ सेरिझावा, एका डोळ्यावर पट्टी असलेला. त्याच्याकडं गोजिराला मारू शकणारं हत्यार आहे, पण ते बाहेर काढायला तो तयार नाही. शेवटी तयार होतो, आधी स्वतःच्या वह्या जाळतो, आणि हत्यार घेऊन समुद्राच्या तळाशी जातो तो वर येतच नाही, म्हणजे ते पुन्हा कोणाला बनवता येऊ नये. नव्या सिनेमांत हत्यारं आहेत, खूप आहेत. वही जाळणारा माणूस नाही.

मधल्या काळात जपाननंच एक नवा काढला, २०२३ चा ‘गॉडझिला मायनस वन’. हॉलिवूडच्या मानानं अगदी थोड्या पैशात, पस्तीसेक माणसांच्या व्हीएफएक्स चमूनं. मार्च २०२४ मध्ये त्याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्यातला नायक युद्धातून जिवंत परतल्याची लाज बाळगून जगतो. माझा जीव खाली पडला. पैसा कमी म्हणून तो चांगला झाला असं मी म्हणणार नाही. तो राक्षस कोणाच्या घरावरून चालून गेला हे ताकाशी यामाझाकी या दिग्दर्शकाला ठाऊक होतं.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला गॉडझिला आणि काँग यांची जोडी आवडते, डरकाळीची नक्कल तिला माझ्यापेक्षा चांगली येते. पुढचा अमेरिकन भाग लागेल तेव्हा आम्ही दोघं पहिल्या खेळाला जाणार, हे ठरलेलं आहे. गेल्या उन्हाळ्यात मी तिला १९५४ चा दाखवला. खालची अक्षरं मी मराठीत वाचून दाखवत होतो, कारण ती फार लवकर सरकतात. पावलांच्या आवाजाला ती माझ्या कुशीत सरकली. मग शहर पेटलं. एक बाई लेकरांना पोटाशी धरून एका इमारतीच्या आडोशाला बसलेली असते. त्यांचे वडील आधीच गेलेले आहेत, आणि ती लेकरांना सांगते की आता थोड्याच वेळात आपण त्यांच्याकडं जाणार आहोत. खाली अक्षरं आली आणि गेली. मी वाचलं नाही.

मुलीनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, ‘‘बाबा, काय म्हणाली ती?’’

मी सिनेमा थांबवला आणि तिला सांगितलं.