ओझे आणि ओळख



अध्यक्षांनी आमचा परिचय मोठ्या आपुलकीने करून दिला. गिरणी संपात वडिलांची नोकरी गेली, सातवीतून शाळा सुटली, सोळाव्या वर्षी पाठीवर पोते आले, असे त्यांनी सांगितले. ते सगळे खरे आहे. समोरच्या रांगेतून कोणी हळहळल्याचेही आमच्या कानी आले. त्या आपुलकीबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु आमचा आजचा विषय नेमका या परिचयाशीच निगडित आहे. माणसाने जे सोसले ती त्याची हकीकत झाली. ती त्याची ओळख होऊ शकते काय? होऊ शकत नाही, असे आमचे मत आहे. आणि या मतापर्यंत यायला आम्हांला पन्नाशी गाठावी लागली. विद्वान मंडळींना ते कदाचित लवकर कळत असेल. आमचे शिक्षण बाजारात झाले, त्यामुळे थोडा वेळ लागला.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी होते आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. वडील साळखात्यात दोन साचे चालवीत. वर्ष-दीड वर्ष वाट पाहून, भांडीकुंडी विकून, ते आम्हां सर्वांना घेऊन सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतले. तिथे ते 'संपातले' म्हणून ओळखले जाऊ लागले. देवळाच्या कट्ट्यावर बसले की येणारा-जाणारा विचारी, "काय, कसा काय बुडाला तुमचा संप?" वडील सांगत. वीस-बावीस वर्षे ते हेच सांगत राहिले. आणि आम्ही, त्यांचे चिरंजीव, पुढे संघटनेचे काम करू लागल्यावर सभांतून तीच कहाणी सांगून टाळ्या घेत राहिलो.

एके दिवशी आमच्या धाकट्या मुलाने त्यांना विचारले, "आजोबा, साचा चालतो कसा?" असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता! वडील सावरून बसले. ताणा म्हणजे काय, बाणा म्हणजे काय, धोटा कसा धावतो, धागा तुटला की नुसत्या आवाजावरून कसे कळते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाठ कशी मारायची, हे ते दोन तास सांगत होते. हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून आईच्या गोधडीचा दोरा काढून त्यांनी ती गाठ मारून दाखविली. त्यांची बोटे काही विसरली नव्हती. आम्ही उंबऱ्यात उभे राहून पाहत होतो. हा माणूस कारागीर आहे, हे आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. पुढच्याच वर्षी ते वारले.

यावर कोणी म्हणेल, "म्हणजे दुःख विसरा, कामाचा अभिमान बाळगा, हेच ना तुमचे सांगणे?" नव्हे! असा उपदेश मालक मंडळींना फार आवडतो. दुःख गिळून हसतमुखाने राबणारा मजूर कोणाला नको आहे? आमचे म्हणणे निराळे आहे. दुःख सांगावे, परंतु ते मोजून सांगावे आणि चौघांत मिळून सांगावे.

याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईचे गिरणी कामगार परळला जमले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणारी ती माणसे. तेव्हा त्यांना रडगाणे गाता आले नसते काय? परंतु त्यांनी मागण्या लिहून काढल्या. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांनी त्या अर्जास संमती दिली. हात यंत्रात सापडला एकाचा. परंतु मागणी झाली हजारोंची. पुढे १८९० साली रविवारची सुटी मिळाली. आज आपण सारे रविवार आपला समजतो. तो अशा रीतीने मिळविलेला आहे.

हीच गोष्ट आमच्या धंद्यात आम्ही प्रत्यक्ष पाहिली. आम्ही बाजारात आलो तेव्हा धान्याचे पोते शंभर किलोचे असे. संध्याकाळी ज्याची त्याची पाठ दुखे. कोणी तेल चोळी, कोणी गुत्त्याची वाट धरी, कोणी नशिबाला बोल लावी. पाठीचे दुखणे हे असे ज्याचे त्याचे असते. परंतु पोत्याचे वजन सर्वांचे एकच असते! ज्या दिवशी हमाल 'माझी पाठ' सोडून 'आमचे पोते' असे बोलू लागला, त्या दिवशी बोलणीला सुरुवात झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच एका माणसाने उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची शिफारस केली होती. हा आकडा आम्हांला कळला, तेव्हा आमच्या दुखण्याला जणू भाषा मिळाली. आज पन्नास किलोंचे पोते दिसते, त्यामागे अशा कित्येक बैठका आहेत.

'माथाडी' हा शब्दच पाहा. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. ओझ्यावरून पडलेले हे नाव. कोणी हाक मारली तर मान खाली जावी असे. परंतु १९६९ साली महाराष्ट्रात कायदा झाला आणि त्या कायद्याने हेच नाव धारण केले. नोंदणी झाली, मंडळे आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, वर लेव्ही बसून भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा पगार आला. ओझे एका दिवसात उतरले नाही, आणि कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र नीट होते असेही नाही. परंतु नाव तेच राहून त्याचा अर्थ मात्र पालटला.

आता आमचा एक अपराध कबूल करतो. भुसार बाजारात धान्य निवडण्या-चाळण्याचे काम करणाऱ्या एक बाई आमच्या संघटनेत होत्या. त्यांचे यजमान थप्पी कोसळून गेले. आम्ही त्यांना सभेत पुढे बसवीत असू आणि ती हकीकत सांगत असू. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले की भाषण जमले असे आम्हांला वाटे. असे चार वर्षे चालले. एकदा सभेहून परतताना त्या म्हणाल्या, "भाऊ, माझा नवरा कसा मेला ते साऱ्या मुलखाला सांगितलंत तुम्ही. मला काय येतं, ते कधी सांगायचं?"

आम्ही निरुत्तर झालो. त्या बाई मूठभर ज्वारी हातात घेऊन तिच्यात ओल किती ते सांगत. मातीचा भाग किती निघेल हा त्यांचा अंदाज काट्याला जवळपास जुळे. पुढच्या वेळी व्यापाऱ्यांशी दराची बोलणी झाली, तेव्हा आम्ही गप्प बसलो आणि त्या बोलल्या. एका पोत्याला किती वेळ लागतो, कोणत्या मालाला जास्त लागतो, दिवसाकाठी किती पोती होतात, असा सारा हिशेब त्यांनी मांडला. यजमानांचे नाव त्यांनी त्या दिवशी एकदाही काढले नाही. मागितले तेवढे सगळे मिळाले नाही, परंतु दर वाढला. त्या दिवसापासून बाजारात त्यांना 'अमक्याची बायको' कोणी म्हटले नाही. दर ठरवायचा झाला की "मावशींना बोलवा" असे म्हणू लागले.

श्रोतेहो, हे केवळ हमालांपुरते नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी अकाली मृत्यू झाला असेल, कोणाचे दुकान बुडाले असेल, कोणी आजाराने वर्षे घालविली असतील. त्यांच्याकडे जाल तेव्हा त्यांचे दुःख जरूर ऐका. परंतु तेवढेच ऐकून उठू नका. तुम्हांला काय येते, हेही विचारा. आम्ही आमच्या वडिलांना ते विचारले नाही, त्याची रुखरुख आम्हांला आजही आहे.

अध्यक्ष महाराजांना एक विनंती आहे. पुढे कधी बोलावलेत, तर आमचा परिचय थोडा बदलून करून द्यावा. हा माणूस पोत्याची थप्पी बघून किती पोती आहेत ते सांगतो, आणि मंडळाचा हिशेब चोख वाचतो, एवढे सांगितलेत तरी पुरे.