कराचा भार आणि शहराचा हक्क



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या दिवंगत मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना हिशेब नीट मांडावयास शिकविले. म्हणून आज मी हिशेबाचाच विषय घेतला आहे. राज्य शासन आणि आपले नगर निगम यांच्या करांचा इंदूरच्या रहिवाशावर पडणारा भार हलका कसा करता येईल, हा तो विषय होय.

भार हलका करावयाचा म्हटले की, ‘कर रद्द करा’ हा उपाय सर्वांत आधी सुचतो. आपल्या राज्याने तो एकदा करून पाहिला आहे. मध्य प्रदेशाने १९७६ मध्ये चुंगी बंद केली. महाराष्ट्रातील मंडळी तिला जकात म्हणतात. कर्नाटकाने ती १९७९ मध्ये काढली, गुजरातेतील महानगरपालिकांची २००७ मध्ये गेली, आणि मुंबईची १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपली. नाक्यावर ताटकळणारी वाहने आणि तेथील चिरीमिरी ध्यानात घेतली, तर चुंगी गेली हे उत्तमच झाले.

परंतु रहिवाशाचा भार त्यामुळे उतरला काय? चुंगी गेली त्याच वर्षी राज्याने प्रवेश कराचा कायदा केला. हा कर २०१७ पर्यंत चालला. तो व्यापारी भरीत असे आणि मालाच्या किमतीत मिसळून गिऱ्हाइकाकडून वसूल करीत असे. नाका गेला, पण कर राहिला. बदलले ते एवढेच की, पैसा शहराच्या तिजोरीत थेट न येता राज्याच्या तिजोरीत जाऊ लागला आणि शहराला ‘चुंगी क्षतिपूर्ती’ या नावाने अनुदान मिळू लागले. स्वतःच्या कमाईवर चालणारी संस्था दुसऱ्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसू लागली. अशा संस्थेला नागरिकाने जाब विचारला, तर ‘वरून पैसा आला नाही’ हे उत्तर तयारच असते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. रद्द झालेला कर पुष्कळदा दुसऱ्या दाराने परत येतो, आणि परत येताना तो अदृश्य होतो. पेट्रोल आणि डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने राज्याचा मूल्यवर्धित कर त्यांच्यावर आजही आहे. स्कूटरवरून कचेरीत जाणारा कारकून एका लिटरमागे तेवढाच कर देतो, जेवढा मोठ्या मोटारीचा मालक देतो. त्याची पावती कोणी जपून ठेवीत नाही आणि त्याबद्दल कोणी वॉर्डाच्या सभेत प्रश्नही विचारीत नाही. उलट संपत्ती कराचे बिल घरी येते, आकडा डोळ्यांना दिसतो आणि राग येतो. मला तर हा राग लोकशाहीच्या दृष्टीने उपयोगी वाटतो. कारण ज्याला कर दिसतो तोच हिशेब मागतो.

म्हणून खरा प्रश्न आहे तो संपत्ती कर न्याय्य करण्याचा. आपल्याकडे तो वार्षिक भाडेमूल्यावर आकारला जातो. मालक स्वतः राहत असलेल्या घराला निम्मी सूट आहे. समजा, एखाद्या घराचे वार्षिक भाडेमूल्य ४०,००० रुपये ठरले आणि दर १० टक्के असला, तर कर ४,००० रुपये होतो. मालक तेथे राहत असेल तर २,०००. ही रचना मुळात वाईट नाही. अडचण आहे ती हे भाडेमूल्य ठरविण्याच्या रीतीत. २०२० च्या नियमांनी त्याची सांगड जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्गदर्शक दरांशी घातली. जमिनीचा बाजारभाव चढला की कर चढावा, असा हा विचार आहे.

आता राजवाड्याच्या परिसरातील एखाद्या जुन्या वाड्याचा विचार करा. मालकीणबाई वयोवृद्ध आहेत. १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेले जुने भाडेकरू नाममात्र भाडे देतात. भोवतालच्या दुकानांमुळे जमिनीचा दर मात्र आकाशाला भिडला आहे. भाड्याने दिलेल्या भागाला निम्मी सूट लागू नाही. एक कायदा त्यांना सांगतो की भाडे वाढवू नका. दुसरा सांगतो की भाडे वाढले असे समजून कर भरा. इंदूर नगर निगमाच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये असा निर्णय दिला की, आपल्या राज्याच्या कायद्यातील शब्दरचना पाहता निगम प्रत्येक वेळी मानक भाड्याने बांधलेले नाही. तेव्हा या बाईंना दिलासा द्यावयाचा तर तो विधानसभेनेच दिला पाहिजे.

परंतु दिलासा कोणत्या स्वरूपाचा असावा, याचा विचार करताना अमेरिकेतील एक अनुभव पाहण्यासारखा आहे. कॅलिफोर्निया राज्यात १९७८ मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केले. मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला गेला आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत मूल्यांकनातील वाढ वर्षाला दोन टक्क्यांच्या आत बांधली गेली. वृद्धांची घरे वाचली हे खरे. पण अगदी सारख्या दोन शेजारघरांत जुना मालक थोडा आणि नवा मालक कित्येक पट कर देऊ लागला. शिवाय व्यापारी इमारतींनाही हीच सवलत मिळाली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने वेगळी वाट धरली. तेथे राहत्या घराच्या पंचावन्न वर्षांवरील पात्र मालकास कर पुढे ढकलता येतो. प्रांत तो स्थानिक संस्थेला भरतो आणि घर विकले जाईल तेव्हा व्याजासह वसूल करतो. कर माफ होत नाही, शहराची तिजोरी रिकामी राहत नाही आणि म्हातारपणी घरही सोडावे लागत नाही.

या सर्वांवरून मला चार सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. पहिली, भाडेनियंत्रणाखालील खोल्यांचे भाडेमूल्य प्रत्यक्ष मिळणाऱ्या भाड्याहून अधिक धरू नये. मात्र भाडेकरू गेला की ही सवलत संपावी. दुसरी, वृद्ध मालकांना राहत्या घरापुरता कर पुढे ढकलण्याची मुभा असावी. तिसरी, प्रत्येक मालमत्ता नोंदीत यावी. जे घर नोंदले गेले नाही आणि जे दुकान घर म्हणून दाखविले गेले, त्यांचा वाटा प्रामाणिक करदाता उचलीत असतो. नोंद पुरी झाली तर दर न वाढविता उत्पन्न वाढेल. चौथी, चुंगी क्षतिपूर्ती कृपा म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मिळावी. महाराष्ट्राने २०१७ मध्ये जकातीच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा करून तीत दरवर्षी वाढीची तरतूद केली. तशी हमी आपल्या शहरांना का नसावी?

कोणी म्हणेल, निगमाला पैसा कशाला हवा? आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून आणावे लागते. त्या विजेचे बिल कोणी तरी भरतेच. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला आलेला हा लौकिकही झाडूवाल्या भगिनींच्या पगारावर उभा आहे. तो पगार महिन्याच्या महिन्याला व्हावयाचा असेल, तर शहराची स्वतःची कमाई भक्कम हवी.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, करमाफीची मागणी करण्याआधी आपल्या वॉर्डातून किती कर गोळा झाला आणि वॉर्डात किती खर्च झाला, याचा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करण्याची मागणी करा. या शाळेचे शेकडो माजी विद्यार्थी आज वकील, हिशेबतपासनीस, अभियंते आणि अधिकारी आहेत. त्यांतील दहा जणांनी एकत्र बसून आपल्या एका वॉर्डाचा असा तक्ता तयार केला, तर या व्याख्यानमालेचे सार्थक झाले असे मी मानेन.