चौकड्यांची वही

मागच्या आठवड्यात आम्ही आमच्या गटात अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचली. मराठीतही ती मिळते. आज त्याबद्दलच बोलू या.

अ‍ॅनचं कुटुंब ज्यू. हिटलरच्या राज्यात राहणं अशक्य झालं, म्हणून ते जर्मनी सोडून हॉलंडला आलं. पण १९४० मध्ये जर्मन फौजा तिथंही पोचल्या. १२ जून १९४२ ला अ‍ॅनला तेराव्या वाढदिवसाला चौकड्यांची एक वही मिळाली. महिन्याच्या आतच सगळ्यांना वडिलांच्या कचेरीच्या मागच्या भागात लपावं लागलं. हळूहळू तिथं आठ माणसं झाली. खाली कामगार असत, तेव्हा वर कुणी जोरात बोलायचं नाही, पाणीही सोडायचं नाही. अशी दोन वर्षं गेली. त्यातही ती लिहीत राहिली, आईशी झालेल्या भांडणाबद्दलसुद्धा!

तिथं एक रेडिओ होता. मार्च १९४४ मध्ये लंडनहून एका डच मंत्र्यांनी सांगितलं, की लोकांनी युद्धातली पत्रं, डायऱ्या जपून ठेवाव्यात. ते ऐकून अ‍ॅननं आपली डायरी पुन्हा नीट लिहायला घेतली. रेडिओवर बोलणाऱ्या आम्हा बायकांना हे वाचून भरून आलं.

४ ऑगस्ट १९४४ ला सगळे पकडले गेले. पुढच्या वर्षी बर्गन-बेल्सनच्या छावणीत अ‍ॅन गेली, अवघ्या पंधराव्या वर्षी. आठांतले फक्त तिचे वडील परतले. कचेरीत काम करणाऱ्या मीप गीस या बाईंनी दोन वर्षं जीव धोक्यात घालून या लोकांना भाजी-सामान पुरवलं होतं. अटकेनंतर विखुरलेले कागद त्यांनी गोळा केले आणि न वाचता टेबलाच्या खणात ठेवले, पोर आली की तिला द्यायचे म्हणून. शेवटी ते वडिलांच्या हाती दिले. १९४७ मध्ये त्याचं पुस्तक झालं.

वाचन संपलं तेव्हा आमच्यातल्या एकीच्या मुलीनं विचारलं, “त्यांना दुसऱ्या कुठल्या देशानं का नाही घेतलं?” वडिलांनी अमेरिकेला जायची खटपट केली होती, पण परवाना मिळाला नाही. हे सांगताना आम्हालाच अवघडल्यासारखं झालं.

मग आम्ही तिला वळिवड्याची गोष्ट सांगितली. अ‍ॅन लपून बसली होती त्याच काळात, १९४३ मध्ये, आपल्या कोल्हापूरजवळ पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. रशियातल्या हद्दपारीतून सुटून, इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. मुलांसाठी शाळा होत्या. युद्ध संपल्यावरही काही वर्षं ती तिथं राहिली. एका मुलीला दार मिळालं नाही, हजारो मुलांना मिळालं. दार उघडणारी माणसंच होती, आणि बंद ठेवणारीही.

मैत्रिणींनो, आजही गाझा, युक्रेन, सुदानमधली मुलं आपण टीव्हीवर बघतो. ती कुणाच्या बाजूची, हे आधी विचारू नका. त्यांचं वय बघा. आणि घरातलं मूल त्याबद्दल काही विचारू लागलं, तर चॅनेल बदलू नका. त्याला जवळ घ्या, बोलू द्या. लिहावंसं वाटलं तर एक वही आणून द्या, आणि त्यानं लिहिलेलं मीपबाईंसारखं जपून ठेवा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.