जीवनसत्त्वे : गरजेपुरतीच हितकर

'अधिकस्य अधिकं फलम्' हे वचन पुण्यकर्मास लागू पडेल. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांस ते लागू पडत नाही. 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि त्याचा अतिरिक्त अंश बहुतांशी मूत्रावाटे निघून जातो. 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वे मात्र स्निग्ध पदार्थांत विरघळणारी आहेत. त्यांचा साठा शरीरात होत राहतो आणि तो मर्यादेबाहेर गेला की बाधतो.

'ड' जीवनसत्त्वाचे उदाहरण घ्यावे. प्रौढ व्यक्तीची त्याची दैनंदिन गरज सुमारे ६०० एककांची. उणीव भरून काढण्यासाठी डॉक्टर ६०,००० एककांची गोळी किंवा पुडी देतात; ती सहसा आठवड्यातून एकदा आणि ठराविक आठवडेच घ्यावयाची असते. गैरसमजाने हीच मात्रा रोज घेतली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठ, अतिशय तहान, वारंवार लघवी ही त्याची लक्षणे होत. त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडांस गंभीर इजा पोहोचू शकते.

लोहाच्या गोळ्यांबाबतही दक्षता हवी. रंगीत गोळ्या खाऊ समजून लहान मुलाने गिळल्या, तर त्याच्या प्राणावर बेतू शकते. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

यास्तव औषध घेताना ते कोणत्या दिवशी व किती आठवडे घ्यावयाचे, हे पाकिटावर मराठीत लिहून घ्यावे. घरातील वृद्धांस ते वाचून दाखवावे. मुदत संपली की डॉक्टरांस विचारल्यावाचून तेच औषध पुन्हा आणू नये.