घरातली वही आणि संगणकाची वही
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



पूर्वी आपल्या घरी टेलिफोनजवळ एक वही असे. कुवेतच्या चाचांचा, मुंबईच्या मामूंचा नंबर तीत लिहिलेला असे. आपण माणूस नावाने ओळखतो, टेलिफोनला मात्र नंबरच लागतो. संगणकाचेही तसेच आहे. आपण नाव टाईप करतो, पण दुसरा संगणक गाठण्यासाठी त्याला अंकी पत्ता लागतो.

अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले. पुढे त्यातील सर्व नावांची आणि पत्त्यांची एक फाईल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाऊ लागली. एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखालील माहिती केंद्र हे काम पाही. बाईंचे मूळ शिक्षण रसायनशास्त्राचे, हे आपल्या मुलींनी लक्षात ठेवावे. नवा संगणक आला की केंद्राला कळवायचे, केंद्राने नोंद चढवायची आणि ठिकठिकाणच्या लोकांनी नवी प्रत उतरवून घ्यायची. ज्याने प्रत घेतली नाही, त्याच्याकडे जुनाच पत्ता राही. चाचांनी घर बदलले आणि वहीत नंबर जुनाच राहिला, तशी गत!

जाळे वाढले तसे हे काम झेपेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था मांडली. सगळ्यांची मिळून एकच वही नको. प्रत्येक संस्थेने आपल्या नावांची नोंद आपण ठेवावी आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यावे, अशी ही योजना. आजचे इंटरनेट तिच्यावरच चालते.

पण जुनी वही गेलेली नाही. आपल्या संगणकात आजही ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाईल असते. एका ओळीत आधी पत्ता, मग नाव. ‘१२७.०.०.१ लोकलहोस्ट’ ही तिच्यातील प्रसिद्ध ओळ. तिचा अर्थ ‘मी स्वतः’. साधारणपणे संगणक आधी या फाईलमध्ये पाहतो. तिथे नाव सापडले, तर बाहेर कोणाला विचारत नाही.

पालकहो, धोका नेमका इथे आहे. फुकटात मिळाला म्हणून मुलाने चोरीचा प्रोग्राम बसवला आणि विचारलेल्या प्रत्येक परवानगीला ‘हो’ म्हटले, तर तो प्रोग्राम या फाईलमध्ये बँकेच्या नावापुढे ठकाचा पत्ता लिहू शकतो. मग तुम्ही बँकेचे नाव अचूक लिहिले, तरी जाल भलत्याच दारी. अशा वेळी ब्राउझर बहुधा ‘हे ठिकाण सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. तो इशारा झटकून पुढे जाऊ नका. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, बँकेचे काम करताना तिथेच थांबा आणि जाणत्या माणसाला विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, संगणक वहीत लिहिलेले खरेच मानतो. लिहिणारा कोण, हे तो विचारत नाही. ते विचारणे तुमचे काम आहे, आणि शिक्षण त्यासाठीच घ्यायचे असते.