आवाजाचे तुकडे आणि वडखळचा नाका



रेडिओ आणि वीज यांचे वैर वडखळकरांना नव्याने सांगायला नको. मध्यम लहरींवर मुंबई केंद्राच्या बातम्या लावाव्यात, आभाळात वीज चमकावी आणि नेमका महत्त्वाचा शब्द खरखरीत बुडावा. जुलै १९८९ मध्ये आंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्याची जी दशा केली ती आठवा, म्हणजे वादळी रात्री एक शब्द बुडण्याची किंमत कळेल.

असे का होते? मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात वाहक लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त करतात. वीजही त्या उंचीतच आपली भर टाकते. कुठली भर निवेदकाची आणि कुठली विजेची, हे बिचाऱ्या रेडिओला कसे कळावे?

स्पंद-विरूपणात, म्हणजे पल्स मॉड्युलेशनमध्ये, आवाज सलग पाठवीतच नाहीत. ठरावीक क्षणी त्याचे माप घेतात. टेलिफोनच्या आवाजातील जलद कंप सेकंदाला सुमारे ३४०० असतात. मापे त्याच्या दुपटीहून अधिक घेतली की आवाज पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो. म्हणून सेकंदाला ८००० मापे घेतात. मापाप्रमाणे स्पंदाची उंची, रुंदी किंवा जागा बदलता येते. पण उंची बदलली, तर वीज पुन्हा आड येणारच!

पॅरिसमध्ये काम करणारे इंग्रज अभियंते ॲलेक रीव्हज यांनी १९३७ साली निराळी वाट काढली. माप आकड्यांत लिहायचे. आठ जागा, प्रत्येक जागी स्पंद 'आहे' किंवा 'नाही'. एवढ्यात २५६ पातळ्या सांगता येतात. मधले माप जवळच्या पातळीला नेतात, जसा दुकानदार वरचे सुटे पैसे सोडून देतो. थोडी लबाडी खरी, पण कानाला चालते. आता घेणाऱ्याने फक्त स्पंद आहे की नाही, हे पाहायचे. वाकडातिकडा स्पंद आला, तरी वाटेतले केंद्र त्याजागी कोरा करकरीत स्पंद पुढे पाठवते.

शिवाय दोन मापांमधला वेळ मोकळा राहतो. आपल्या नाक्यावर अलिबागची आणि गोव्याकडची वाहने एकाआड एक पेणच्या रस्त्याला लागतात (निदान लागावीत!), तशी ३० जणांची बोलणी एकाच वाटेवर सोडतात. क्रम पाळला, की पलीकडे ज्याचे त्याला.

मात्र एका आवाजाला सेकंदाला ६४,००० जागा लागतात, म्हणून वाट रुंद हवी. आणि गडबड फारच वाढली, तर 'आहे' आणि 'नाही' यांचीच गल्लत होते. जुन्या रेडिओवर खरखरीतूनही चार शब्द पकडता यायचे. इथे आवाज एकदम तुटतो.